कर्माच्या खात्यावर सही कोणाची?

सोयाबीन आणि तुरीच्या हंगामात लातूरच्या आडत बाजारात किंवा नांदेडच्या मोंढ्यात सौदा निघण्यापूर्वी पेढीपेढीवर एकच विचार चाललेला असतो : आज माल घ्यावा की थांबावा? आवक किती होईल, बाहेरगावचे गिऱ्हाईक काय भाव मागेल, आयातीचे धोरण बदलेल काय, अशा दहा गोष्टी मनात तोलून व्यापारी निर्णय घेतो. महिन्याभराने भाव चढला तर तो म्हणतो, "अंदाज बरोबर निघाला." भाव उतरला तर तोच म्हणतो, "नशिबात नव्हते." नफा बुद्धीच्या खाती जमा होतो आणि तोटा नशिबाच्या नावे पडतो. वास्तविक दोन्ही व्यवहार एकाच माणसाने, एकाच गादीवर बसून, सारख्याच विचाराने केलेले असतात.

ही विसंगती इतकी सवयीची आहे की ती कोणाला खटकत नाही. परंतु तिच्या मुळाशी तत्त्वज्ञानातील एक फार जुना प्रश्न आहे. मनुष्य खरोखर निर्णय घेतो, की निर्णय घेतल्याचा त्याला केवळ भास होतो? जे घडते ते आधीच ठरलेले असेल, तर सचोटीचे कौतुक कशासाठी आणि लबाडीचा दोष कोणाला? उलट सर्व काही माणसाच्या हाती असेल, तर मनापासून राबणाऱ्याचे पीकही का बुडते? जैन परंपरेने हा प्रश्न भगवान महावीरांच्या काळापासून हाताळला आहे. आज मेंदूचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तोच प्रश्न प्रयोगशाळेत विचारीत आहेत. आणि मराठवाड्याला तो एका पहाटे, कोणतीही पूर्वसूचना न देता, विचारला गेला होता.

किल्लारीची पहाट

२९ सप्टेंबर १९९३ हा अनंत चतुर्दशीचा दिवस होता. गावोगावी गणपतीचे विसर्जन झाले होते. दिगंबर जैन मंदिरांतून दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. उत्सव आटोपून माणसे उशिरा झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातले किल्लारी आणि त्याच्या आसपासची, त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील सास्तूरसारखी गावे हादरली. काही क्षणांत घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. हजारो जखमी झाले. अनेक गावे अशी जमीनदोस्त झाली की ती पुढे दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली.

अशा प्रत्येक आपत्तीनंतर एक वाक्य हमखास ऐकू येते : "त्यांचे कर्म!" उच्चारणाऱ्याच्या मनात निष्ठुरता असतेच असे नाही. पुष्कळदा ते हतबलतेतून येते. कार्यकारणभावावर श्रद्धा असलेल्या समाजाला एवढे दुःख कारणाविना आले असे मानवत नाही, म्हणून तो कारणाला नाव देतो. परंतु या वाक्याचा एक परिणाम होतो. ते उच्चारले की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो आणि ऐकणाऱ्याचे हात जागीच राहतात.

किल्लारीच्या घटनेकडे जरा थांबून पाहिले, तर तीत निरनिराळ्या जातीची कारणे एकत्र आलेली दिसतात. भूगर्भातील हालचाल कोणाच्याही इच्छेने झाली नाही. त्या काळच्या भूकंपविषयक नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. १९९२ च्या उत्तरार्धात किल्लारी परिसराला लहान धक्के जाणवले होते, पण त्यांतून एवढ्या मोठ्या संकटाचा निश्चित अंदाज बांधता आला नव्हता. हा झाला माणसाच्या हाताबाहेरचा भाग.

घरांची गोष्ट मात्र वेगळी होती. ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती मातीत रचलेल्या आणि वर मातीचे वजनदार माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी, जवळच मिळणाऱ्या दगडामातीतून कमी खर्चात उभी राहणारी ही घरे पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी विचारपूर्वकच बांधली होती. ती निवड त्यांच्या माहितीपुरती शहाणपणाची होती. पण जमीन हलली तेव्हा भिंतींचे दगड एकमेकांना धरून राहू शकले नाहीत आणि वरचा भार खाली आला. तितक्याच तीव्रतेचा भूकंप चांगल्या बांधणीच्या वस्तीत झाला असता, तर मृतांचा आकडा निश्चितच कमी राहिला असता. म्हणजे धरणीकंप माणसाने घडवला नाही, पण त्याने किती बळी घ्यावेत यात माणसाच्या बांधकामाचा वाटा होता. भूकंपानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि भूकंपाला तोंड देतील अशी घरे बांधली, ती याच जाणिवेतून.

"त्यांचे कर्म" या दोन शब्दांत हा सर्व तपशील झाकला जातो. मग जैन कर्मसिद्धांत खरोखर तेच सांगतो काय? याचे उत्तर शोधण्यासाठी आगमांतील एका धनाढ्य कुंभाराकडे जावे लागते.

पाचशे दुकानांचा मालक

'उपासकदशांग' या आगमात भगवान महावीरांच्या दहा गृहस्थ उपासकांची चरित्रे आहेत. सातवे चरित्र पोलासपूरच्या सद्दालपुत्राचे आहे. तो जातीने कुंभार. नगराबाहेर त्याच्या मालकीची पाचशे दुकाने होती. एक कोटी सुवर्ण ठेवीत, एक कोटी व्याजाने दिलेले, एक कोटी घरादारात गुंतवलेले आणि शिवाय दहा हजार गाईंचे गोकुळ. आजच्या भाषेत बोलायचे तर तो मोठा कारखानदार व्यापारी होता.

सद्दालपुत्र आजीविक पंथाचा अनुयायी होता. या पंथाचा प्रमुख मंखलिपुत्र गोशालक काही वर्षे महावीरांच्या सहवासात राहिलेला होता. त्याच्याविषयी 'भगवतीसूत्रा'च्या पंधराव्या शतकात तिळाच्या रोपाची कथा येते. वाटेत एक फुललेले रोप दिसले, तेव्हा गोशालकाने विचारले की याला दाणे धरतील काय. महावीरांनी होकार दिला आणि एका शेंगेत सात दाणे होतील असे सांगितले. ते खोटे ठरवण्यासाठी गोशालकाने मागे राहून रोप उपटून टाकले. पण पाऊस आला, ओल्या मातीत रोपाने पुन्हा मूळ धरले आणि परतीच्या वाटेवर पाहिले तर शेंगेत सात दाणे होते. पुढे गोशालक ज्या मताचा प्रवक्ता झाला ते असे : सर्व काही नियत आहे. बळ, उद्योग, पराक्रम यांना अर्थ नाही. सुताचा गुंडा फेकला की तो जसा सूत संपेपर्यंत उलगडत जातो, तसा प्रत्येक जीव ठरलेला संसार भोगूनच मोकळा होतो.

हे मत मानणारा सद्दालपुत्र एके दिवशी आपली ओली मडकी उन्हात मांडीत होता. महावीर तेथे आले आणि त्यांनी विचारले की ही भांडी कशी तयार होतात. सद्दालपुत्राने आपल्या धंद्याची माहिती दिली : माती आणायची, भिजवायची, तीत राख आणि शेण मिसळायचे, मळायची, चाकावर चढवायची. महावीरांनी पुढे विचारले, मग ही भांडी प्रयत्नाने होतात की प्रयत्नाशिवाय? आपल्या मताला धरून तो म्हणाला, प्रयत्नाशिवाय, कारण सर्व काही नियत आहे.

त्यावर महावीरांनी शास्त्रार्थ केला नाही. त्यांनी एक व्यवहारातला प्रश्न टाकला. तुझी ही मडकी कोणी चोरली किंवा फोडली, अथवा तुझ्या पत्नीवर, अग्निमित्रेवर, कोणी हात टाकला, तर तू काय करशील? सद्दालपुत्राने तत्काळ सांगितले की अशा माणसाला तो बांधील, मारील, प्रसंगी जिवे घेईल. तेव्हा महावीरांनी दाखवून दिले की सर्व नियत असेल, तर चोराने चोरी केलीच नाही आणि फोडणाऱ्याने फोडलेच नाही. मग शिक्षा कोणाला? आणि शिक्षा योग्य असेल, तर सर्व नियत आहे हे म्हणणे खोटे ठरते.

हा युक्तिवाद व्यापारी घराला विशेष पटावा असा आहे. घेतलेला धनादेश न वटता परत आला, तर 'ते होणारच होते' असे म्हणून कोणी तो फाडून टाकीत नाही. मालात भेसळ करणाऱ्याला कोणी नियतीचे निमित्त म्हणून माफ करीत नाही. नियतीचा आधार बहुधा दोनच ठिकाणी घेतला जातो : स्वतःची चूक झाकताना आणि दुसऱ्याचे दुःख पाहताना. जेथे आपले मडके फुटते, तेथे प्रत्येक जण पुरुषार्थवादी असतो.

कर्म म्हणजे निकाल नव्हे, खाते आहे

गोशालकाची नियती आणि जैनांचे कर्म यांत मोठे अंतर आहे. नियती बाहेरून लादलेली असते. कर्म मात्र जीवाने स्वतः बांधलेले असते. ज्याने बांधले तोच ते सोडवू शकतो, या पायावर सगळा मोक्षमार्ग उभा आहे. मराठीतील एक म्हण सांगते, 'दैव देते आणि कर्म नेते'. या म्हणीत कर्म याचा अर्थ पूर्वसंचित असा नाही, तर माणसाची आजची करणी असा आहे. बोलीभाषेने कर्म शब्दाचा हा जिवंत अर्थ जपून ठेवला आणि 'कर्म फुटले' म्हणताना तो हरवलाही.

कर्मग्रंथांची परिभाषा पाहिली, तर ती आश्चर्य वाटावे इतकी खतावणीच्या भाषेसारखी आहे. कर्मबंधाचे चार अंग सांगितले आहेत. प्रकृती, म्हणजे कर्म कोणत्या प्रकारचे. प्रदेश, म्हणजे त्याचे परिमाण. स्थिती, म्हणजे त्याची मुदत. अनुभाग, म्हणजे फळ देण्याची तीव्रता. कर्जाच्या खात्यातही हेच पाहिले जाते : कर्ज कोणत्या कारणाचे, रक्कम किती, मुदत केव्हाची आणि व्याजाचा भार केवढा.

याहून महत्त्वाचे म्हणजे हे खाते एकदा लिहिले की गोठले, असे शास्त्र मानत नाही. परिणामांच्या, म्हणजे भावांच्या, बळावर कर्माची मुदत आणि तीव्रता घटू शकते. त्याला अपकर्षण म्हणतात. वाईट भावांनी ती वाढूही शकते. ते उत्कर्षण होय. मुदतीआधी कर्म उदयाला आणून फेडून टाकणे म्हणजे उदीरणा. एका पोटखात्यातील कर्म त्याच जातीच्या दुसऱ्या पोटखात्यात वळणे म्हणजे संक्रमण. जसे असातावेदनीयाचे सातावेदनीयात. अर्थात यालाही मर्यादा आहेत. ज्ञानावरणीय, मोहनीय, आयु इत्यादी आठ मूळ कर्मे एकमेकांत बदलत नाहीत. आणि निकाचित कर्म जसे बांधले तसेच भोगावे लागते, अशी सामान्य धारणा आहे. प्रत्येक पेढीला ठाऊक असते की काही देणी तडजोडीत बसतात आणि काही पूर्णच द्यावी लागतात.

आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. कर्म आपोआप, पोकळीत फळ देत नाही. द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव आणि भव यांचे निमित्त मिळाल्यावर ते उदयाला येते. निमित्त बदलले की उदयाचे स्वरूपही बदलू शकते. भिंत मजबूत बांधणे, वेळेवर औषध देणे, पेरणीपूर्वी बियाण्याची उगवण तपासणे, ही निमित्ते माणसाच्या हातात आहेत. म्हणून भूकंपाला तोंड देणारे घर बांधणे हे कर्मसिद्धांताला आव्हान नसून त्याचेच आचरण आहे.

पाच कारणांची पंगत

आचार्य सिद्धसेन दिवाकर यांनी 'सन्मतितर्क' या ग्रंथात काळ, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ अशी पाच कारणे सांगितली. यांपैकी एकालाच सर्वस्व मानणे हे मिथ्यात्व आणि पाचांना एकत्र मानणे हे सम्यक्त्व, असा त्यांचा निर्णय आहे.

मराठवाड्याच्या मातीत ही पाच कारणे रोज दिसतात. सोयाबीनच्या दाण्यातून सोयाबीनच उगवते, हा स्वभाव. ते ठरावीक दिवसांनीच काढणीला येते, हा काळ. ऐन काढणीच्या वेळी आभाळ फाटावे, ही नियती. जमीन हलकी वाट्याला यावी की भारी, हे पूर्वकर्म म्हणता येईल. आणि नांगरट, पेरणी, निंदणी हा पुरुषार्थ. पाचांपैकी एक जरी रुसले तरी माल मोंढ्यात पोहोचत नाही.

पुरुषार्थ स्वभावाविरुद्ध जात नाही, तो स्वभावाला वाट करून देतो. पाणी उताराकडेच वाहते, हा त्याचा स्वभाव. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे गोदावरीचे पाणी उपसून उंचावरील शेतांना दिले जाते, हा पुरुषार्थ. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला प्यायला पाणी उरले नव्हते. पाऊस सलग कमी पडला, हे कोणाच्या हाती नव्हते. पण भूजल किती उपसावे आणि कमी पावसाच्या प्रदेशात उसासारखी पिके किती घ्यावीत, हे निर्णय माणसांचेच होते. आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली जलदूत रेल्वे लातूरला पोहोचली, हाही माणसांचाच निर्णय होता. एकाच घटनेत नियती, चूक आणि उपाय तिन्ही होते. तिन्ही वेगळी ओळखता आली, तरच पुढच्या उन्हाळ्याची तयारी करता येते.

आचार्य समंतभद्र यांनी 'आप्तमीमांसे'च्या आठव्या परिच्छेदात दैव आणि पौरुष यांचा नेमका हिशेब मांडला आहे. सर्व काही दैवानेच होत असेल, तर ते दैव तरी कशाने घडले? आधीच्या पौरुषाने म्हणावे तर केवळ दैववाद संपला. आधीच्या दैवाने म्हणावे तर ही साखळी कधी तुटायचीच नाही आणि मोक्ष अशक्य होईल. उलट केवळ पौरुषानेच सर्व होत असेल, तर प्रत्येकाचा प्रत्येक प्रयत्न सफल व्हायला हवा, आणि तसे तर दिसत नाही. म्हणून ते असा निवाडा देतात : बुद्धिपूर्वक योजना न करता जे बरेवाईट पुढ्यात येते, त्यात दैव प्रधान मानावे. बुद्धिपूर्वक योजून जे बरेवाईट घडते, त्यात आपले पौरुष प्रधान मानावे.

व्यापाऱ्याच्या सुरुवातीच्या विसंगतीला येथे उत्तर मिळते. नफा आणि तोटा असा भेद करायचा नसून योजलेले आणि न योजलेले असा करायचा आहे. आयातीचे धोरण एकाएकी बदलले आणि भाव चढला, तर तो नफा दैवाच्या खाती जमा व्हायला हवा. आणि सगळी चिन्हे दिसत असताना हव्यासापोटी माल धरून ठेवला असेल, तर तोटा स्वतःच्या नावे पडायला हवा.

सर्वज्ञाचे ज्ञान आणि माणसाचा निर्णय

येथे जैन विचारातील सर्वांत कठीण शंका उभी राहते. केवलज्ञानी भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील सर्व पर्याय जाणतात. भविष्य जाणले गेले असेल, तर ते ठरलेलेच आहे. मग निर्णयाला जागा कोठे?

विसाव्या शतकात सोनगढच्या कानजी स्वामींनी 'क्रमबद्धपर्याय' हा विषय आपल्या प्रवचनांतून जोराने मांडला आणि डॉ. हुकमचंद भारिल्ल यांनी त्याच नावाचा ग्रंथ लिहिला. प्रत्येक द्रव्याचे पर्याय निश्चित क्रमानेच होतात, असे हे प्रतिपादन आहे. त्याने पुरुषार्थाचा लोप होतो, असा आक्षेप अनेक विद्वानांनी घेतला. १९६३ मध्ये जयपूरच्या खानिया येथे निमित्त आणि उपादान यांसारख्या विषयांवर दोन्ही बाजूंच्या पंडितांची जी तत्त्वचर्चा झाली, ती आजही अभ्यासली जाते. क्रमबद्धतेचे समर्थक असे उत्तर देतात की पुरुषार्थ हाही त्या क्रमातलाच एक पर्याय आहे. तो वगळून कार्य होत नाही आणि कर्तृत्वाचा अहंकार सोडून स्वभावाकडे वळणे हाच खरा पुरुषार्थ.

दोन्ही बाजूंना मान्य असलेला एक मुद्दा येथे उपयोगी पडतो. ज्ञान वस्तूला घडवीत नाही, वस्तू जशी आहे तशी जाणते. रोजमेळ पाहून लेखापरीक्षकाला व्यवहार कळतो, पण त्याच्या कळण्याने व्यवहार झालेला नसतो. केवलींच्या ज्ञानात एखाद्याचा उद्याचा निर्णय झळकत असेल, तर तो त्याचा निर्णय म्हणूनच झळकतो. शिवाय ते ज्ञान संसारी माणसाजवळ नसते. त्याला समोरचा रस्ता अंधारातच निवडावा लागतो. जे आपल्याला माहीतच नाही, त्याच्या नावावर आजचा आळस खपवता येत नाही. शंका याने पूर्ण मिटते असे नव्हे. पण ती आचरणाच्या आड येत नाही, एवढे निश्चित.

प्रयोगशाळेतले घड्याळ

१९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील बेंजामिन लिबेट यांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात भाग घेणाऱ्याने वाटेल तेव्हा मनगट हलवायचे आणि तशी इच्छा मनात नेमकी केव्हा उमटली, ते फिरत्या ठिपक्याच्या घड्याळावरून सांगायचे होते. त्याच वेळी मेंदूतील विद्युत हालचाल नोंदवली जात होती. असे दिसले की मेंदूतील तयारी कृतीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू होते. इच्छेची जाणीव मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधी होते. म्हणजे माणसाला 'मी ठरवले' असे वाटण्यापूर्वीच मेंदू कामाला लागलेला असतो. यावरून स्वतंत्र इच्छा हा भ्रम असल्याचा निष्कर्ष अनेकांनी काढला. २०२३ मध्ये स्टॅनफर्डचे रॉबर्ट सपोल्स्की यांनी 'डिटर्माइन्ड' या ग्रंथात तर असे मांडले की जनुके, बालपण, संस्कृती आणि मेंदूची रसायने यांपलीकडे इच्छास्वातंत्र्य म्हणून काही उरतच नाही.

दुसरी बाजूही आहे. २०१२ मध्ये एरॉन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ती प्राथमिक हालचाल मेंदूतील सततच्या चढउतारांचाही परिणाम असू शकते. तिला आधीच झालेला निर्णय म्हणण्याचे कारण नाही. शिवाय कारण नसताना मनगट हलवणे आणि मुलीचे स्थळ ठरवणे किंवा भागीदाराशी हिशेब मिटवणे या एका मापाच्या गोष्टी नाहीत.

स्वतः लिबेट यांनीही इच्छास्वातंत्र्य नाकारले नव्हते. त्यांचे म्हणणे असे की ऊर्मी उठणे आपल्या हाती नसेल, पण जाणीव झाल्यानंतर कृती घडेपर्यंत जो अत्यल्प अवधी उरतो, त्यात ती थांबवणे आपल्या हाती असते. हे वाचताना जैन श्रावकाला संवराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आस्रव थांबवणे म्हणजे संवर. क्रोध उठला, हा मोहनीयाचा उदय. तो शब्द होऊन बाहेर पडू द्यायचा की नाही, ही वचनगुप्ती. आचार्यांनी माणसाचे स्वातंत्र्य अमर्याद मानले नाही. त्यांनी ते उदय आणि नवा बंध यांच्यामधल्या फटीत शोधले आणि ती फट रुंद करण्याचा सराव सांगितला. अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक हा तो सराव आहे.

प्रतिक्रमण आणि क्षमापना यांचा अर्थही यातूनच उलगडतो. जे केले त्याहून वेगळे करणे शक्यच नसते, तर 'माझे दुष्कृत मिथ्या होवो' या भावनेला अर्थ उरला नसता. क्षमा मागणारा मान्य करतो की तो थांबू शकला असता. पुढच्या वर्षाचे प्रत्याख्यान घेणारा मान्य करतो की तो थांबू शकेल.

आरसा आणि निवाडा

किल्लारीच्या भूकंपानंतर पुण्यातील भारतीय जैन संघटना आणि तिचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांच्यापुढे एक प्रश्न होता. १९८५ मध्ये स्थापन झालेली ही संघटना तोवर मुख्यत्वे समाजातील सामूहिक विवाहांसारख्या कामांसाठी ओळखली जाई. ढिगाऱ्यांतून वाचलेल्या मुलांचे पुढे काय होणार? त्यांच्या दुःखाचे कारण त्यांच्या पूर्वकर्मात शोधून गप्प बसता आले असते. संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली, त्यांच्या निवासाची आणि शाळेची जबाबदारी घेतली. पुण्याजवळच्या वाघोली येथील शैक्षणिक पुनर्वसन केंद्र या कामाचे कायमचे ठिकाण झाले. ती मुले जैन आहेत की नाहीत, हा विचार तेथे नव्हता.

भूकंप त्या मुलांनी निवडला नव्हता. पुणेही त्यांनी निवडले नव्हते. पण कोणीतरी काहीतरी निवडले म्हणून त्यांच्यापुढे नंतर निवडीची दारे उघडली. एका माणसाचा पुरुषार्थ दुसऱ्यासाठी निमित्त होतो. त्या मुलांच्या कर्माचा उदय काहीही असो, त्याला वेगळे निमित्त देणे शक्य होते आणि ते दिले गेले. हा कर्मसिद्धांताचा खरा वापर.

या सगळ्यातून जो विवेक हाती येतो, तो तत्त्वचर्चेपेक्षा घरात आणि पेढीवर अधिक उपयोगी आहे. कर्मसिद्धांत हा स्वतःच्या तोंडासमोर धरायचा आरसा आहे. दुसऱ्याविरुद्ध द्यायचा निवाडा नव्हे. स्वतःवर दुःख कोसळले, तर 'हे माझेच देणे आहे' असे समजून समता राखणे हे धर्म्यध्यान आहे. दुसऱ्यावर दुःख कोसळले असता 'हे त्याचेच देणे आहे' असे म्हणून वळणे हा अनुकंपेचा अभाव आहे, आणि अनुकंपा हे तर सम्यक्त्वाचे लक्षण सांगितले आहे. वाक्य तेच, पण ते कोणाविषयी उच्चारले जाते यावर त्याचे पुण्य की पाप हे ठरते.

लातूरच्या किंवा नांदेडच्या शिकवणीत दोन वर्षे अभ्यास करून एखाद्या घरातील मुलाला वैद्यकीय प्रवेशाइतके गुण मिळत नाहीत. तेव्हा 'तू प्रयत्नच केला नाहीस' आणि 'तुझ्या नशिबातच नाही' ही दोन्ही वाक्ये त्याला सारखीच जखम करतात. पहिले चार कारणे विसरते, दुसरे पाचवे. एखाद्या शेतकऱ्याची उधारी दुष्काळात थकते. त्याची नियत बिघडली की पाऊस फिरला, हे तपासून पाहणे आणि पाऊस फिरला असेल तर मुदत वाढवून देणे, हे अपकर्षणच आहे, फक्त दुसऱ्याच्या खात्यात केलेले. एखादा भाऊ वाटणीच्या वादात आवाज चढवतो. त्याच्या शब्दामागे कोणता उदय आहे हे आपल्याला दिसत नाही, पण आपले उत्तर मात्र आपल्या हाती असते.

इच्छास्वातंत्र्य आहे की भास आहे, याचा शेवटचा निकाल विद्वान देतील तेव्हा देतील. तोवर सद्दालपुत्राची परीक्षा पुरेशी आहे. आपले मडके फुटले असता जो न्याय मागावासा वाटतो, तोच दुसऱ्याचे मडके फुटले असता द्यावा. पोलासपूरच्या त्या व्यापाऱ्याने महावीरांचे म्हणणे ऐकले, विचार केला आणि श्रावकाची बारा व्रते घेतली. सर्व काही नियत आहे असे जन्मभर मानणाऱ्या माणसाने त्या दिवशी एक निर्णय घेतला होता.